घाटात मागच्या सीटवर कोण बसणार, ते आधी ठरवा

कोल्हापूरच्या एका डॉक्टर ताईंनी विचारलंय: घरात पाच माणसं. त्या, त्यांचे यजमान आणि १९ वर्षांची मुलगी असे तिघं गाडी चालवतात आणि तिघांनाही त्याची हौस आहे. शिवाय १४ वर्षांचा मुलगा आणि गुडघ्याचं दुखणं असलेल्या ७२ वर्षांच्या सासूबाई. रोज घर ते हॉस्पिटल चार-पाच किलोमीटर, आणि महिन्यातून दोनदा तरी कोकण किंवा गोवा. बजेट रस्त्यावर येईपर्यंत ९० लाखांच्या आसपास. बीएमडब्ल्यू एक्स३, मर्सिडीज जीएलसी, ऑडी क्यू५ आणि व्होल्वो एक्ससी६० यांतली कोणती घ्यावी, आणि पेट्रोल की डिझेल?

ताई, मी पंचवीस वर्षं पुण्यात अशा गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली आणि आता वापरलेली गाडी घेणाऱ्यांना ती तपासून देतो. त्यामुळे नवी गाडी शोरूममध्ये कशी चमकते यापेक्षा ती पाच वर्षांनी कशी वाजते, हे मला जास्त माहीत आहे. उत्तर त्याच बाजूने देतो.

तुमच्या यादीतल्या चारही गाड्या चांगल्या आहेत. यातली कुठलीही घेतली तरी फसलो असं वाटणार नाही. पण 'ड्रायव्हिंगची आवड असलेलं कुटुंब' हे शब्द मी फार गिऱ्हाइकांकडून ऐकलेत, आणि त्यातल्या निम्म्यांच्या गाडीत दोन वर्षांनी फक्त एकच माणूस बसलेला असतो. बाकीचे म्हणतात, तू जा, आम्ही मागून दुसऱ्या गाडीने येतो. कारण गाडी स्टेअरिंगवर बसून निवडलेली असते. आंबोलीत तिसऱ्या वळणावर पोराला गाडी लागते, आजी हँडलला लटकून बसतात, आणि चालवणाऱ्याला मात्र वाटतं की काय झकास गाडी आहे! तुमच्याकडे चालवणारे तीन आहेत, पण बसणारे कायम चार असणार. म्हणून गाडी मागच्या सीटवरून निवडा.

कशी, ते सांगतो. त्यासाठी एसयूव्ही बनवताना काय तडजोड होते ते थोडं समजून घ्यावं लागेल. पावणेदोन ते दोन टनांची उंच गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला झुकते. ते झुकणं कमी करायला कंपनी चेसिसच्या दोन्ही बाजूंना जोडणारा अँटी-रोल बार कडक ठेवते. गुळगुळीत रस्त्यावर त्याचा फायदाच होतो, गाडी वळणात ताठ राहते. पण आपल्याकडे खड्डा क्वचितच दोन्ही चाकांखाली एकदम येतो. तो एका बाजूला असतो. बार कडक असेल तर एका चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचतो आणि अख्खी बॉडी डावी-उजवी हलते. उंच गाडीत माणसाचं डोकं जमिनीपासून जास्त वर, म्हणून डोकं जास्त फेकलं जातं. चालवणाऱ्याच्या हातात स्टेअरिंग असतं, पुढचा खड्डा त्याला दिसतो, तो मान आधीच सावरतो. मागच्याला यातलं काहीच नसतं. गाडी लागण्याचं एक मोठं कारण हे आहे. लोक त्याला 'सस्पेन्शन हार्ड आहे' म्हणतात, पण ते तेवढंच नाही. स्पीडब्रेकरवर मऊ वाटणारी गाडीही डोकं हलवणारी असू शकते.

तेव्हा टेस्ट ड्राइव्हला सेल्समन तुम्हाला हायवेवर नेऊन पाय दाबायला सांगेल, त्याला नम्रपणे नाही म्हणा आणि गाडी पन्हाळ्याला न्या. तुमच्या दारात वीस किलोमीटरवर एवढी चांगली परीक्षा असताना हायवेवर कशाला जायचं? रत्नागिरी रस्त्याने वाघबिळापर्यंत सरळ रस्ता, पुढे चढ आणि वळणं. जाताना यजमानांनी चालवायचं, येताना तुम्ही, आणि मुलीला मधला सपाट टप्पा द्यायचा. सासूबाईंना घरी ठेवू नका. त्यांना मागे डावीकडे बसवा, मुलाला मधे. तुम्ही स्वतः एक फेरी मागे बसा आणि समोर न बघता सासूबाईंच्या डोक्याकडे बघा. खराब पट्ट्यावर डोकं वर-खाली हललं तर चालेल, डावी-उजवीकडे झटके खात असेल तर ती गाडी यादीतून काढा. मुलाला पाच मिनिटं मोबाईल वाचायला सांगा. मळमळलं तर उत्तर मिळालं.

त्याआधी एक काम करा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर, नाहीतर इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, हवेच्या दाबाचा तक्ता असतो. टेस्ट ड्राइव्हच्या गाड्यांत हवा बऱ्याचदा जास्त असते, कारण गाडी लांबून ट्रेलरवर येताना टायर फुगवलेले असतात आणि नंतर कोणी बघत नाही. पाच-सहा पीएसआय जास्त असले की चांगली गाडीसुद्धा बैलगाडी होते. हवा नीट करून मगच निघा. सेल्समनला थोडं विचित्र वाटेल, वाटू द्या.

आता टायर. माझ्या मते या भावातल्या गाडीचा स्वभाव इंजिनापेक्षा टायर जास्त ठरवतात, आणि गिऱ्हाइक मात्र चाकाकडे फक्त दिसायला कसं आहे म्हणून बघतं. जीएलसीचं उदाहरण घ्या. १९ इंचांच्या चाकावर तिला २३५/५५ टायर येतो. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर आणि रबराच्या भिंतीची उंची तिच्या ५५ टक्के, साधारण १२९ मिलिमीटर. २० इंचांवर २५५/४५ बसवला की भिंत ११५ वर येते, २१ इंचांवर २५५/४० बसवला की १०२ वर. गाडी तीच, पण खड्डा आणि तुमची पाठ यांच्यातली इंचभर उशी गेली. शिवाय रुंद टायर पावसाच्या पाण्यावर लवकर तरंगायला लागतो, आणि तुम्ही जिथे जाता त्या गगनबावडा, फोंडा, आंबोली या पट्ट्यात चार महिने रस्त्यावरून पाणीच वाहतं. शोरूममधल्या मोठ्या अलॉयवर भाळू नका. ज्या व्हेरियंटमध्ये लहान चाक मिळतं ते घ्या, चाक कमी देखणं असलं तरी.

मी एक गाडी बघितली होती, मेक सांगत नाही. मालकाने हौसेने दोन इंच मोठी चाकं बाहेरून बसवून घेतलेली. अठरा महिन्यांत तीन अलॉयना तडे, दोन टायरांना फुगे, आणि पुढची चाकं धरणाऱ्या खालच्या दोन्ही दांड्यांचे (लोअर आर्म) रबरी बुश खलास. मालक म्हणत होता की गाडीच फालतू निघाली.

स्टेपनीचाही प्रश्न विचारून घ्या. काही मॉडेलांत रनफ्लॅट टायर येतात आणि स्टेपनीच नसते. हवा गेली तरी साधारण ८० किलोमीटर, ८० च्या आतल्या वेगाने जाता येतं. युरोपात हे पुरतं. करूळ घाट उतरून वैभववाडीच्या बाजूला रविवारी संध्याकाळी टायर कापला गेला, तर त्या मापाचा टायर जवळपास मिळेल का, हा खरा सवाल. काही गाड्यांत बारीक स्टेपनी डिकीतच आडवी पडलेली असते आणि पाच जणांचं सामान मावत नाही. ब्रोशरवर जीएलसीची डिकी ६२० लिटर आणि एक्स३ ची ५७० लिटर लिहिलेली असेल, पण स्टेपनी आत ठेवल्यावर काय उरतं ते तुमच्या बॅगा नेऊन बघा. हो, खरंच बॅगा घेऊन जा.

आता एकेक गाडी.

एक्स३ ची नवी पिढी भारतात २०२५ च्या सुरुवातीला आली. इंजिन दोन लिटरचं, पेट्रोल (२० एक्सड्राइव्ह) १९० अश्वशक्तीचं, डिझेल १९७ चं. चौघांत पेट्रोलचा आकडा सगळ्यात कमी, पण चारही चाकांना ताकद पोचवणारी तिची यंत्रणा मागच्या चाकांना जास्त देते, इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं आहे, स्टेअरिंग सांगितलेलं ऐकतं. चढाच्या वळणातून बाहेर पडताना हलका पाय दिला की गाडी मागून ढकलत वळते. ही भावना बाकी तिघींत इतकी स्पष्ट नाही. १९० अश्वशक्ती कमी वाटेल, पण घाटात तुम्ही ४० ते ७० च्या वेगातच असता, तिथे ३१० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, पुरेसा होतो. तोटे दोन: एसीची जवळजवळ सगळी बटणं पडद्यात गेली आहेत, आणि रुंदी १९२० मिलिमीटर, जीएलसीपेक्षा तीन सेंटिमीटर जास्त. वेंगुर्ल्याच्या किंवा मालवणच्या आतल्या गल्लीत समोरून एसटी आली की हे तीन सेंटिमीटर जाणवतात.

जीएलसी १८९० मिलिमीटर रुंद. पेट्रोल जीएलसी ३०० ला २५८ अश्वशक्ती आणि ४०० न्यूटन मीटर, डिझेल २२०डी ला १९७ आणि ४४०. नऊ गिअर. स्वभाव मऊ. सासूबाई आणि मुलगा बहुधा या गाडीला मत देतील. चालवणाऱ्याला ती कंटाळा आणत नाही, पण 'चल, अजून एक चक्कर मारू' असंही म्हणत नाही. आणि तुमच्या पुण्याच्या पाहुण्यांना सांगायला बरं, की ही चाकणला जोडली जाते.

क्यू५ पेट्रोलच आहे, ऑडीने भारतात २०२० पासून डिझेल बंद केलं. इंजिन ताकदवान, पण गिअरबॉक्स दोन क्लचची सात गिअरची आहे. पळताना झकास, शाहूपुरीच्या गर्दीत सरपटताना मात्र कधीतरी अडखळल्यासारखी वाटते. चारही चाकं चालवणारी तिची क्वाट्रो यंत्रणा गरज नसताना मागची चाकं सोडून देते आणि पुढच्यांवर चालते. पकड सुरक्षित आणि बिनधास्त, पण चालवणाऱ्याला खेळू देणारी नाही. एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते: मी तपासलेल्या क्यू५ मध्ये एसीसाठी खरी फिरवायची बटणं होती. आंबोलीत धुक्यात काच आतून धुरकटली की बोटाने पडद्यावर चिन्ह शोधत बसणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. इथली क्यू५ संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडली जात आली आहे. (२०१० साली याच शहरात एका गटाने मिळून १५० मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या होत्या, सुमारे ६५ कोटींच्या. मराठवाड्याला गाड्यांचं वेड नाही असं कोणी म्हणू नये.)

एक्ससी६० वेगळ्या जातीची. इंजिन आडवं, मूळ गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, मागची चाकं क्लचने जोडलेली. २५० अश्वशक्ती आहे, पण ती घाई करायला सांगत नाही. जगभर व्होल्वोच्या नव्या गाड्यांचा सर्वोच्च वेग २०२० मध्ये कंपनीने स्वतःहून १८० वर अडवला, त्यावरून वृत्ती कळते. सीट मात्र चौघांत सर्वोत्तम. गोव्याहून सहा तास बसून आल्यावर पाठ बोलत नाही. एअर सस्पेन्शन आहे, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी फुगे (बेलो). त्याने राइड छान होते, पण वॉरंटी संपल्यावर बेलोचं रबर तडकलं किंवा कॉम्प्रेसर दमला की बिल जिव्हारी लागतं. हे सगळ्याच मेकच्या एअर सस्पेन्शनला लागू. ते हवं असेल तर वाढीव वॉरंटी घेतल्याशिवाय घेऊ नका.

पेट्रोल की डिझेल, याचं उत्तर तुम्हीच प्रश्नात दिलंय. रोज चार-पाच किलोमीटर. आजच्या बीएस६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारी जाळी असते, डीपीएफ. ती स्वतःला जाळून साफ करते, पण त्यासाठी गाडी बराच वेळ गरम होऊन एका लयीत पळायला लागते. चार किलोमीटरमध्ये इंजिनचं तेलसुद्धा नीट गरम होत नाही. मग साफसफाई अर्धवट राहते, काजळी साठते, दिवा लागतो. जाळी साफ करताना जास्तीचं डिझेल आत फवारलं जातं, ते ऑईलमध्ये उतरतं आणि ऑईल पातळ होतं. महिन्यातून दोन कोकण वाऱ्यांनी हे भरून निघेलही, पण जून-जुलैत घाट बंद झाले आणि तुम्ही दोन महिने हॉस्पिटलच्याच फेऱ्या मारल्या तर? डॉक्टर लोकांच्या डिझेल गाड्यांत हा आजार मी इतक्या वेळा पाहिलाय की आता धंदा विचारूनच मी निदान करतो.

हिशेबही बघा. वर्षाला १५,००० किलोमीटर धरलं, पेट्रोल साडेनऊचं आणि डिझेल साडेतेराचं अॅव्हरेज देईल असं मानलं, तर आजच्या भावाने वर्षाला साठ-पासष्ट हजारांचा फरक पडतो. पण महाराष्ट्रात या किमतीच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १३ टक्के, डिझेलला १५. ७५ लाखांच्या गाडीवर हा फरकच दीड लाख, शिवाय डिझेल मूळ किमतीतही महाग. वसूल व्हायला चार-पाच वर्षं सहज जातात. वर्षाला २५,००० च्या वर चालणार असेल आणि रोजची फेरी लांब असेल तरच डिझेल घ्या. तसं असतं तर मी डोळे झाकून डिझेल सांगितलं असतं, कारण चढावर डिझेलचा जोर वेगळाच.

टॅक्सचं निघालंच म्हणून: हॉस्पिटल कंपनी म्हणून नोंदवलेलं असेल आणि गाडी त्या नावावर घ्यायची असेल, तर रोड टॅक्स २० टक्के लागतो. सीएने सांगितलेली घसाऱ्याची बचत आणि हा जादा टॅक्स शेजारी-शेजारी मांडून बघा. मध्यंतरी टॅक्सची कमाल मर्यादाही २० लाखांवरून ३० लाख झाली, पण तुमच्या बजेटमध्ये तिचा संबंध येत नाही. जीएसटी मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सरळ ४० टक्के झालाय, आधी अशा एसयूव्हींवर सेससकट तो ५० होता. जुने कोटेशन घेऊन बसला असाल तर नवीन मागवा.

इलेक्ट्रिकचं तुम्ही विचारलं नाही, पण रोज पाच किलोमीटर ऐकून मनात आलंच. घाट उतरताना ब्रेक न लावता बॅटरी भरून घेणारी गाडी चालवायला मजा येते. पण बॅटरीचं वजन टायर आणि शॉकअपवर येतं, आणि मागच्या सीटची जमीन वर आल्यामुळे गुडघे उंच राहतात. सासूबाईंच्या गुडघ्यासाठी ते वाईट. सध्या नको.

गुडघ्यावरून आठवलं. सीटची उंची फार महत्त्वाची. फार खाली असेल तर उठताना त्रास, फार वर असेल तर चढताना. सासूबाईंना बसायला सांगा आणि मागे उभे राहा, मदत करू नका. पार्श्वभाग सीटवर सरळ टेकला आणि पाय आत उचलताना उंबरठ्याला अडला नाही, म्हणजे झालं. दाराचा उंबरठा रुंद असेल तर पावसात साडीला चिखल लागतो, हेही बघा. कोणी म्हणेल, एवढं चालवायचं वेड आहे तर सेडान घ्या. चालवायला ती एसयूव्हीपेक्षा सरस, यात वादच नाही. पण सेडानमधून त्यांना बाहेर काढायला दोन माणसं लागतील.

मुलीबद्दल एक सांगतो. तिला पहिले सहा महिने स्पोर्ट मोड नको, पण घाट जरूर द्या, आणि उतारावर गिअर हाताने खाली घ्यायला शिकवा. ऑटोमॅटिक गाडी डी मध्ये ठेवून पूर्ण आंबा घाट ब्रेकवर उतरणारी माणसं मी पाहिलीत. खाली साखरप्याला पोचेपर्यंत डिस्कचा वास येतो. दोन टन वजन आहे, ब्रेक कितीही मोठे असले तरी ते तापतातच. स्टेअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल दिखाव्यासाठी नाहीत. आणि लेन असिस्ट, म्हणजे पट्टा बघून स्टेअरिंग आपोआप ओढणारी सोय, घाटात बंद ठेवा. पांढरा पट्टा अर्धा पुसलेला असतो, तिथे ते कधी कुठे ओढेल याचा नेम नसतो.

सर्व्हिस सेंटर जवळ कुठे आहे ते चौकशी करून ठेवा. पुणे तुमच्यापासून २३० किलोमीटर आणि सातारा ते कागल रस्त्याचं काम लोकांच्या डोक्याला ताप देतंय. दर वेळी गाडी पुण्याला न्यावी लागणार असेल तर घरपोच पिकअप देतात का, आणि त्या फेरीत काही झालं तर जबाबदारी कोणाची, हे लेखी घ्या. विमा झिरो डेप (भाग बदलताना घसारा न कापणारा), इंजिन प्रोटेक्शन आणि टायर कव्हरसकट. कोकणातल्या पाण्यात इंजिनने पाणी ओढलं तर साध्या पॉलिसीतून काही मिळत नाही.

माझं मत विचाराल तर एक्स३ पेट्रोल, त्यात जे सगळ्यात लहान चाक मिळेल ते. तिघं हौसेने चालवणार असाल तर ती हौस सगळ्यात जास्त तीच पुरवेल. पण माझं मत सासूबाईंच्या मतापेक्षा मोठं नाही. पन्हाळ्याच्या फेरीत त्यांनी मागून 'जरा दमानं' असं दोनदा म्हटलं, तर जीएलसी ३०० घ्या आणि परत माझ्याकडे विचारायला येऊ नका. एक्ससी६० फक्त तेव्हा, जेव्हा गोव्याच्या फेऱ्या कोकणापेक्षा जास्त होणार असतील.

डिलिव्हरीआधी एकदा दिवसाउजेडी गाडी बघून घ्या. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरांवर तारीख जवळपासची हवी. गाडी यार्डात महिनोन्महिने उभी असेल तर ती इथेच कळते. आणि पहिल्या दिवशी शोरूममधून गाडी घरी कोण चालवत आणणार, ते आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. तीन चालकांच्या घरात त्यावरून शोरूमच्या दारात अर्धा तास गेलेला मी पाहिलाय, हार घातलेली गाडी तशीच उभी.